क्वीनची शेवटची गाणी: गायली त्या क्रमाने ऐका

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे शेवटचे तीन अल्बम, 'द मिरॅकल', 'इन्युएंडो' आणि 'मेड इन हेवन', ज्या क्रमाने बाजारात आले, त्या क्रमाने ऐकू नका. गाणं शिकायला येणारी एखादी मुलगी त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरीबद्दल विचारते तेव्हा मी पहिल्यांदा हेच सांगते. 'मेड इन हेवन' ६ नोव्हेंबर १९९५ला निघाला. तो लावलात की पहिल्या गाण्यात ऐकू येणारा आवाज १९८० सालचा असतो. दुसऱ्या गाण्यात तो १९८५च्या आसपासचा होतो. चौथ्यात एकदम मे १९९१चा, म्हणजे मरणाच्या सहा महिने आधीचा, आणि सहाव्यात परत १९८५चा. अकरा वर्षांतला त्याचा गळा असा उलटसुलट ऐकला, तर त्याचं काय झालं, त्यात काय वाढलं, काय उरलं, यातलं काहीच हाती लागत नाही.

मी वाईत शास्त्रीय गाणं शिकवते. माझं सगळं लक्ष गळ्याकडे असतं. आयुष्याच्या शेवटच्या तीन वर्षांत एका गायकाने आपल्या गळ्याकडून काय काय करून घेतलं, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरीकडे सापडलेला नाही. पण तो पुरावा नीट मांडून ऐकावा लागतो. ही माझी ऐकण्याची पद्धत. तुम्हाला इंग्रजी गाण्यांची सवय नसली तरी चालेल, सूर ओळखता येत असले की पुरे.

आधीची तयारी

'इन्युएंडो' पूर्ण लांबीचा मिळवा. १९९१मध्ये हा अल्बम एका एलपीवर, म्हणजे तबकडीवर, बसवण्यासाठी त्यातली काही गाणी छाटली होती. सीडीवर मात्र ती पूर्ण होती, सगळा अल्बम सुमारे ५४ मिनिटांचा. कुणाकडे जुनी तबकडी असेल तर ती जपून ठेवा, पण अभ्यासाला सीडी किंवा इंटरनेटवरची अधिकृत आवृत्ती घ्या. तबकडीच हवी असेल तर २०१५ साली निघालेली दोन तबकड्यांची आवृत्ती शोधा, तिच्यात गाणी पूर्ण आहेत.

फोनवर ऐकत असाल तर शफल बंद करा. एक गाणं संपताना दुसरं त्यात मिसळतं ती सोयही बंद करा, कारण या रेकॉर्डिंगमध्ये गाण्यांच्या शेवटाला फार महत्त्व आहे. फोनच्या स्पीकरवर मुळीच ऐकू नका. साधे तारेचे हेडफोन चालतात. हल्ली कॉम्प्युटरने बनवलेल्या 'फ्रेडीच्या आवाजातल्या' गाण्यांचा सुळसुळाट आहे, त्यांच्यापासून लांब राहा. अल्बमचं नाव आणि साल दिसत नसेल तर ते गाणं सोडून द्या. त्या नकलांमध्ये श्वास नसतो किंवा चुकीच्या जागी असतो, आणि आपल्याला नेमका श्वासच ऐकायचा आहे.

आणखी एक. व्हिडिओ बघू नका, निदान पहिल्या फेरीत तरी नाही. 'दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज'चा व्हिडिओ ३० मे १९९१ला चित्रित झाला. फ्रेडी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला तो तेव्हा शेवटचा. रंगीत चित्रित करून तो कृष्णधवल करून दाखवला गेला. खंगलेला चेहरा, अंगात मांजरांची चित्रं काढलेलं जाकीट. हे एकदा पाहिलं की पुढे आवाज ऐकूच येत नाही, नुसती दया येते. आणि दयेने गाणं ऐकणं हा गायकावर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे सत्तरीच्या पुढचा गवई मंचावर बसतो तेव्हा जाणकार श्रोता काय करतो? तान आटली का हे मोजत बसत नाही, षड्ज कसा लागतोय ते ऐकतो. तेच इथे करायचं. फरक एवढाच की हा गायक चव्वेचाळीस वर्षांचा होता.

कान कुठे ठेवायचा

फ्रेडीचा गळा बिनदोष नव्हता. त्याच्या स्वरतंतूंवर गाठी होत्या, आणि शस्त्रक्रियेने आवाज बदलेल या भीतीने त्याने त्या काढून घेतल्या नाहीत. मैफलींच्या दौऱ्यात याचा त्रास व्हायचा. त्याची मैफलींतली रेकॉर्डिंग ऐका, स्टुडिओत जो सूर तो वर नेतो तो मंचावर अनेकदा खाली घेतो, किंवा तो वरचा सूर ढोलावर बसलेला रॉजर टेलर उचलतो. २०१६मध्ये युरोपातल्या काही आवाज-संशोधकांनी त्याच्या रेकॉर्डिंगचा अभ्यास केला. त्याचा बोलण्याचा आवाज बॅरिटोन, म्हणजे तसा खालचा होता, आणि गाण्यातला त्याचा कंप नेहमीच्या गायकांपेक्षा जलद होता, असं त्यात दिसलं. हा जलद कंप ओळखायला शिका. लांब ठेवलेल्या सुराच्या शेवटच्या भागात तो येतो. सुरुवातीला सूर सरळ, काठीसारखा, आणि मग सोडताना कंप.

क्वीनची फ्रेडीसह शेवटची मैफल ९ ऑगस्ट १९८६ला इंग्लंडमध्ये नेबवर्थला झाली. १९८७मध्ये त्याला एचआयव्हीचं निदान झालं. त्यानंतर दौरा नाही. म्हणजे 'द मिरॅकल' (१९८९) आणि 'इन्युएंडो' (१९९१) या अल्बममधलं एकही गाणं फ्रेडीने क्वीनबरोबर मैफलीत गायलेलं नाही. आपल्या संगीतात एकच राग शंभर मैफलींत वेगवेगळा ऐकायला मिळतो. इथे प्रत्येक गाण्याचं एकच रूप आहे, स्टुडिओतलं. म्हणून ते इतकं बारकाईने ऐकायचं. माझ्या मते दौरे थांबल्याने गळ्याला विश्रांती मिळाली, आणि 'इन्युएंडो'मधला वरचा आवाज आधीच्या काही अल्बमपेक्षा जास्त मोकळा लागला याचं एक कारण तेच असावं.

ऐकताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. ओळीआधीचा श्वास केवढा घेतलाय. सूर थेट लागलाय की खालून घसरत आलाय. आणि ओळीतला शेवटचा शब्द पूर्ण उच्चारलाय की हवेत सोडलाय. शब्दांचा अर्थ पहिल्या फेरीत नाही कळला तरी बिघडत नाही.

क्रम

सुरुवात 'इट्स अ ब्यूटिफुल डे'पासून करा, 'मेड इन हेवन'चं पहिलं गाणं. मूळ तुकडा १९८०मध्ये म्युनिकच्या स्टुडिओत फ्रेडीने पियानोवर सहज गुणगुणलेला. तो गेल्यावर बँडमधल्या उरलेल्या तिघांनी तो वाढवला. आवाज तरुण आहे, श्वासाची फिकीर नाही.

मग एक तुलना करा, ती फार शिकवते. फ्रेडीने १९८५मध्ये 'मिस्टर बॅड गाय' नावाचा स्वतःचा स्वतंत्र अल्बम काढला होता. त्यात 'मेड इन हेवन' आणि 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' ही दोन्ही गाणी आहेत. आधी १९८५ची ऐका, मग १९९५ची. गायन तेच आहे, आजूबाजूची साथ बदलली. जुन्यात यंत्रावरचे ताल आणि सिंथेसायझर, नव्यात ब्रायन मेचं गिटार, रॉजर टेलरचे ड्रम, जॉन डीकनचा बास. त्याच गायनाभोवती साथ बदलली की गायनच बदलल्यासारखं वाटतं. साथीला कमी लेखणाऱ्यांनी हे दोनदा ऐकावं.

'लेट मी लिव्ह'ची मुळं १९८३च्या सुमाराची. त्यात फ्रेडी, रॉजर आणि ब्रायन आळीपाळीने गातात, तेव्हा तिघांचे आवाज वेगळे ओळखण्याचा सराव इथे करून घ्या. पुढे उपयोगी पडेल. 'हेवन फॉर एव्हरीवन' हे रॉजरचं गाणं. त्याच्या 'द क्रॉस' या दुसऱ्या बँडच्या १९८८च्या अल्बमसाठी फ्रेडीने ते गायलं होतं.

यानंतर थोडं थांबून 'बार्सिलोना' ऐका, ऑपेरा गायिका मॉन्सेरात काबायेबरोबरचं. क्वीनच्या यादीत हे बसत नाही, पण सोडू नका. आपल्याहून मोठ्या, शास्त्रशुद्ध तालमीतल्या गायिकेशेजारी उभं राहून गायल्याने त्याच्या लांब सुरांना आलेली शिस्त पुढच्या दोन्ही अल्बममध्ये जाणवते. 'इन्युएंडो'मधलं 'ऑल गॉड्स पीपल' तर त्याच काळातल्या, संगीतकार माइक मोरानबरोबर केलेल्या कामातून आलेलं आहे.

मग 'द मिरॅकल'. यावर मी फार वेळ घालवणार नाही. अल्बम चांगला आहे पण आवाजाभोवती वाद्यांची गर्दी फार. 'आय वॉन्ट इट ऑल' आणि शेवटचं 'वॉज इट ऑल वर्थ इट' एवढी दोन नीट ऐका. या अल्बमपासून सगळ्या गाण्यांच्या श्रेयात चौघांऐवजी 'क्वीन' एवढंच छापलं गेलं. कुणाचं गाणं निवडायचं यावरची भांडणं त्याने मिटली, असं ब्रायनने सांगितलं आहे. 'टू मच लव्ह विल किल यू' याच काळात फ्रेडीने गायलं. ब्रायनने ते बँडबाहेरच्या दोघांबरोबर लिहिलं होतं, हक्कांची अडचण आली आणि ते मागे राहिलं. प्रसिद्ध झालं ते 'मेड इन हेवन'मध्ये. ते इथेच, १९८८-८९च्या जागी ठेवून ऐका. आजाराच्या शेवटच्या दिवसांतलं समजून लोक ते ऐकतात आणि भलतंच काही त्यात शोधत बसतात. 'माय लाइफ हॅज बीन सेव्हड'ही याच सुमाराचं, १९८९मध्ये 'स्कँडल' या सिंगलच्या मागच्या बाजूला निघालेलं.

'इन्युएंडो'साठी वेगळी संध्याकाळ ठेवा

हा अल्बम लंडनच्या मेट्रोपोलिस आणि स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या माउंटन स्टुडिओत १९८९-९०मध्ये रेकॉर्ड झाला. माउंटन स्टुडिओ जिनिव्हा सरोवराच्या काठी, कसिनोच्या इमारतीत होता. क्वीनने १९७८मध्ये तिथे 'जॅझ' रेकॉर्ड केला आणि पुढच्या वर्षी स्टुडिओच विकत घेतला. तिथला ध्वनिमुद्रक डेव्हिड रिचर्ड्स शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर राहिला. या शेवटच्या कामात त्याचा वाटा फार मोठा आहे. ध्वनिमुद्रकांची नावं आपण वाचत नाही, निदान हे एक वाचा.

शीर्षकगीत साडेसहा मिनिटांचं आहे. जानेवारी १९९१मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. संथ, कूच केल्यासारखा ताल, त्यावर फ्रेडीचा सरळ, दाबून ठेवलेला आवाज. मध्यावर सगळं थांबतं आणि स्पॅनिश ढंगाचं गिटार सुरू होतं. ते 'येस' बँडच्या स्टीव्ह हाऊने वाजवलंय. तो माँत्रोत भेटायला आला होता आणि त्याला वाजवायला बसवलं. त्यानंतर फ्रेडीचा आवाज अगदी हलका होतो, कोरस उघडतो, आणि मग तीच स्पॅनिश धून ब्रायन विजेच्या गिटारवर घेतो. इथे ऐकायचं ते हे की पहिल्या भागातला आणि मधल्या भागातला आवाज एकाच माणसाचा असून पहिला छातीतून येतो आणि दुसरा डोक्यातून. हे गाणं मी दोनदा सलग ऐकवते, दुसऱ्यांदा डोळे मिटून.

'आय अ‍ॅम गोइंग स्लाइटली मॅड'मध्ये तो खालच्या पट्टीत जवळजवळ बोलतो. त्याचा तो खालचा आवाज इतका मऊ आणि भरलेला आहे की पुढच्या उंच गाण्यांआधी तो कानात बसवून घ्यावा. 'डोन्ट ट्राय सो हार्ड' त्याच्या अगदी उलट. कडवी फॉल्सेटोत, म्हणजे आपण ज्याला खोटा आवाज म्हणतो त्यात. तो आवाज आपल्याकडे हिणवला जातो, पण इथे एकही सूर फाटलेला नाही, आणि ध्रुवपदावर येताना तो खऱ्या आवाजात कसा उतरतो ते ऐका. जोड सापडत नाही. माझ्या दृष्टीने अल्बममधलं हे सर्वांत अवघड गायन आहे. लोक दुसऱ्याच गाण्याचं नाव घेतात.

'डेलायला' हे त्याच्या मांजरीवरचं गाणं. ब्रायनने टॉकबॉक्स नावाचं उपकरण लावून गिटारातून मांजरीचा आवाज काढलाय. छान आहे, पुढे चला.

'बिजू'वर मात्र थांबा. साडेतीन मिनिटांच्या या गाण्यात गिटार कडवी 'गातं' आणि मधे फ्रेडी थोड्याच ओळी गातो, म्हणजे एरवी जिथे गिटारचा तुकडा येतो तिथे माणसाचा आवाज आलाय. ब्रायनचं हे गिटार त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवलेलं, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून. नखीऐवजी तो सहा पेन्सचं जुनं नाणं वापरतो. तारेवर नाणं घासल्याचा किंचित खरखरीत आवाज हेडफोनवर ऐकू येतो. सारंगी गळ्याच्या मागे जाते असं आपण म्हणतो, इथे गळा गिटारच्या मागे जातो.

'दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' रॉजरने लिहिलं. मधल्या सप्तकातलं, सोपं वाटणारं. इथे श्वास मोजा. ओळी लांब आहेत आणि श्वास ओळ संपल्यावरच येतो, शब्द तोडून नाही. शेवटचे शब्द तर गायलेले नाहीतच, बोललेले आहेत.

आणि 'द शो मस्ट गो ऑन'. याची मुख्य रचना ब्रायनची. गाणं इतकं उंच होतं की त्याने स्वतः नमुना गाताना खोटा आवाज वापरला होता, आणि फ्रेडीला हे आता झेपेल का अशी त्याला धाकधूक होती. फ्रेडीने वोडकाचा घोट घेतला आणि गाऊन टाकलं, असं ब्रायनने पुढे अनेकदा सांगितलं आहे. ही आठवण सगळीकडे फिरते. मी मुलींना ती सांगते तेव्हा दारूने गळा कोरडा पडतो हेही सांगते, कारण त्या घोटाने ते गाणं झालेलं नाही. ते झालं वीस वर्षांच्या सवयीने. पुरावा गाण्यातच आहे. हार्मोनियम काढा, पांढरी सातवर सा धरा, कोमल गांधाराची सुरावट, आणि त्याच्याबरोबर बोटाने सूर शोधत जा. सुरुवातीला तो मधल्या सप्तकात फिरतो. गाणं पुढे सरकतं तसं तुमचं बोट किती उजवीकडे जातं ते बघा. वरच्या सुरांवरही शब्दातलं व्यंजन स्पष्ट ऐकू येतं. थकलेला गायक सगळ्यांत आधी व्यंजनं सोडतो. फ्रेडीने ती सोडलेली नाहीत.

सिंगल म्हणून, म्हणजे सुट्या तबकडीवर, ते १४ ऑक्टोबर १९९१ला निघालं. २३ नोव्हेंबरला त्याने आपल्या आजाराचं निवेदन प्रसिद्ध केलं, दुसऱ्या दिवशी लंडनमधल्या घरी तो गेला. फ्रेडीने जे मंचावर कधी गायलं नाही ते गाणं २० एप्रिल १९९२ला लंडनच्या वेम्बलीत त्याच्या स्मरणार्थ झालेल्या मैफलीत एल्टन जॉनने क्वीनबरोबर गायलं. ते नंतर ऐका, तुलनेसाठी.

मे १९९१

आता 'मेड इन हेवन'कडे परत या, पण फक्त तीन गाण्यांसाठी.

'अ विंटर्स टेल'चे शब्द आणि चाल फ्रेडीची, माँत्रोच्या सरोवराकडे बघत केलेली. त्यात तक्रार नाही, उंच उड्या नाहीत. आवाज बारीक झालाय हे इथे पहिल्यांदा जाणवतं, आणि तो बारीक झालाय तसाच त्याने वापरलाय, फुगवायचा प्रयत्न केलेला नाही. 'यू डोन्ट फूल मी' हे डेव्हिड रिचर्ड्सने गायनाचे विखुरलेले तुकडे जोडून उभं केलं. जोडकाम कुठे आहे ते शोधा. फार हुशारीने लपवलंय.

'मदर लव्ह' हे फ्रेडीने गायलेलं शेवटचं. शब्द फ्रेडी आणि ब्रायनने मिळून लिहिले. ब्रायन सांगतो की एकेक ओळ कागदावर उतरत होती आणि फ्रेडी ती लगेच गात होता, यंत्राच्या साध्या तालावर. मला जमेल तेवढं गाऊन ठेवतो, बाकी नंतर तुम्ही पुरं करा, असा त्याचा हिशोब होता. मध्यावर चाल खालीच राहतेय असं त्याला वाटलं आणि ती वर न्यायचा हट्टही त्यानेच धरला.

हे गाणं असं ऐका. पहिल्या दोन कडव्यांत आवाज खाली, अगदी कानाशी आहे. श्वास ऐकू येतात आणि ते पूर्वीसारखे मोठे नाहीत. 'दीज आर द डेज'मध्ये ओळ संपल्यावर येणारा श्वास इथे ओळीच्या आतही येतो. आता मधला भाग. इथे चाल चढते, आणि आवाज एकदम उघडतो, 'इन्युएंडो'तल्यासारखा. सूर खालून घसरत येत नाही, थेट लागतो. मी कितीही वेळा ऐकलं तरी त्या जागी हात थांबतो. मग गिटार येतं. त्यानंतरचं कडवं ऐका, आवाज वेगळा आहे. तो ब्रायन आहे. फ्रेडी हे कडवं नंतर गाऊ म्हणून गेला आणि पुन्हा स्टुडिओत आला नाही. 'लेट मी लिव्ह'मध्ये आवाज ओळखायचा सराव करायला मी सांगितलं ते यासाठी. हे न सांगता ऐकवलं तर अर्ध्या लोकांच्या लक्षात येत नाही, कारण ब्रायन फ्रेडीची नक्कल करत नाही, त्याच्याच वजनात शांतपणे पुढे गातो. शेवटी जुन्या रेकॉर्डिंगचे तुकडे सरकन निघून जातात. वेम्बलीच्या १९८६च्या मैफलीतली गर्दी आहे, 'लॅरी लुरेक्स' या नावाखाली फ्रेडीने १९७२मध्ये गायलेल्या 'गोइंग बॅक'चा तुकडा आहे, आणि बाळाचं रडणं. गाणं पुढे मिसळू देऊ नका असं मी सुरुवातीला सांगितलं ते या शेवटासाठी.

या तिघांनी नंतर जे केलं त्याबद्दल दोन शब्द. रॉजर आणि जॉनने १९९३मध्ये काम सुरू केलं, ब्रायन आपलं स्वतंत्र काम आटोपून पुढे सामील झाला. मेलेल्या मित्राच्या आवाजाच्या फिती रोज उघडून त्यातली एकेक ओळ स्वच्छ करायची, हे काम मला गाण्याइतकंच मोठं वाटतं. त्यांनी आवाजाला कुठेही झाकलेलं नाही. सीडीच्या शेवटी २२ मिनिटांचा बिननावाचा तुकडा आहे, नुसते तरंगणारे स्वर. तो वगळलात तरी चालेल. मी वगळत नाही.

त्यानंतरचं थोडंसं

'नो-वन बट यू' हे १९९७चं, ब्रायन, रॉजर आणि जॉन या तिघांनी मिळून केलेलं. जॉन डीकन त्यानंतर संगीतातून बाजूला झाला. 'फेस इट अलोन' १३ ऑक्टोबर २०२२ला निघालं, पण गायन 'द मिरॅकल'च्या वेळचं आहे, तेव्हा ते १९८८च्या शेजारी ठेवा. वाद्य कमी आणि आवाज पुढे असल्याने खरं तर मूळ अल्बमपेक्षा याच गाण्यात त्या वर्षीचा गळा जास्त चांगला ऐकू येतो.

युरोपात राहणाऱ्यांनी एकदा माँत्रोला जाऊन यावं. जुन्या स्टुडिओच्या जागी कसिनोत क्वीनचं छोटं संग्रहालय आहे, आणि सरोवराकाठी इरेना सेडलेत्स्का यांनी घडवलेला फ्रेडीचा पुतळा. 'मेड इन हेवन'च्या मुखपृष्ठावर आहे तोच. इकडे राहणारे पाचगणीला येतात. फारूख बलसारा नावाचा झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, पियानो शिकला, गायनवृंदात गायला, 'द हेक्टिक्स' नावाचा शाळकरी बँड काढला, आणि त्याला फ्रेडी म्हणायला लागले तेही तिथेच. पुण्याहून येणारा रस्ता वाईवरून पसरणीचा घाट चढतो, त्यामुळे मला दरवर्षी असे कुणी ना कुणी भेटतात. त्यांना मी सांगते की शाळेत मुलं शिकत असतात, बाहेरूनच बघा.

गाऊन बघायचं असेल तर

ही गाणी नुसती ऐकून पुरत नाहीत, गळ्यावर घेतली की जास्त कळतात. सुरुवात 'दीज आर द डेज'पासून करा, आपल्या सोयीच्या पट्टीत. एक ओळ एका श्वासात बसेपर्यंत पुढची घेऊ नका. त्यानंतर 'अ विंटर्स टेल', पूर्ण हलक्या आवाजात. 'डोन्ट ट्राय सो हार्ड'मध्ये खोट्या आवाजातून खऱ्यात उतरण्याची तेवढी एकच जागा घेऊन तिचा अलंकारासारखा रियाज करा, सावकाश, तंबोरा लावून. मुलांनी 'इन्युएंडो'च्या मधल्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल, पण पहिल्या भागातला दाबलेला आवाज गळा आवळून काढायचा नाही, तो पोटाच्या आधाराने येतो. हे समोर बसून शिकवावं लागतं, तेव्हा जवळच्या गुरूला विचारा.

'द शो मस्ट गो ऑन' सगळ्यांना आधी हवं असतं. ते शेवटी. दोन-तीन पट्ट्या खाली उतरवून घ्या, घसा बसलेला असेल त्या दिवशी अजिबात नको, आणि खर्जाचा रियाज झाल्यावर दिवसातून दोनदाच.